आरागिरणीतला पहिला विनोद

'आठबोटे' हे त्यांचे आडनाव नव्हे. रक्ताने भिजलेल्या भुशात उभे राहून ते त्यांनी स्वतःच धारण केले होते. धावत्या आऱ्याने डाव्या हाताची दोन बोटे क्षणार्धात छाटली, तेव्हा पांढऱ्याफटक पडलेल्या सोबत्यांना ते म्हणाले, "बघत काय उभे राहिलात? आजपासून मला आठबोटे म्हणा!" सगळे हसले, आणि मगच त्यांचे हातपाय हलू लागले.

त्या आरागिरणीचा दंडकच तसा होता. जखमेवरचा पहिला विनोद जखमी माणसाने करायचा. तोवर इतरांनी ना हसायचे, ना रडायचे. मृत्यूच्या उंबऱ्यावरून कोणी थट्टा केली, म्हणजे तो अजून आपल्यात आहे, एवढाच त्या काळ्या हास्याचा अर्थ.

आऱ्यापलीकडून फळ्या ओढायला त्यांचा मेहुणा असे; पत्नीचा पाठचा भाऊ. ओंडका चढवण्याआधी तो उलटसुलट करून पाहायचे काम आठबोट्यांचे. लाकडावर काळसर डाग दिसला, की आत कुणी कधीकाळी ठोकलेला खिळा असायचा. त्या सकाळी मात्र मेहुण्याची फिरकी घेण्याच्या नादात एक ओंडका त्यांनी उलटलाच नाही.

आरा खिळ्यावर आदळला. कर्कश किंकाळी उठली, पोलादी पाते तुटले आणि चाबकासारखे उसळून मेहुण्याच्या मांडीत हाडापर्यंत रुतले. रक्ताची चिळकांडी ताज्या फळ्यांवर उडाली. आठबोट्यांनी स्वतःच्या कमरेचा पट्टा काढून जखमेच्या वर करकचून आवळला. कोणीतरी रुग्णवाहिकेसाठी फोनकडे धावले. बाकीचे स्तब्ध उभे राहिले, वाट पाहत.

मेहुणा छताकडे बघत होता. ओठ मिटलेले.

"बोल की रे! शिवी दे मला. तुझ्या ताईला काय तोंड दाखवू मी?"

शेवटी आठबोट्यांनीच दंडक मोडला.

"एक फळी ओढवेना, म्हणून आडवा झालास होय रे?"

कोणीही हसले नाही. दुसऱ्याच्या जखमेवर फेकलेला विनोद हा दुसरा घावच असतो, हे त्यांना त्या शांततेत उमगले.

स्ट्रेचर उचलताना मेहुण्याचे ओठ हलले. "दाजी... ताईला सांगा... चपलांचा एक जोड आता दुप्पट पुरेल."

गिरणी हास्याने हादरली. हसता हसता माणसे भुशात बसून हुंदके देऊ लागली.

पाय गेला, मेहुणा राहिला. कुबड्या टेकीत तो बहिणीकडे येई आणि आल्यागेल्याला चपलांचा विनोद ऐकवी. आठबोटे तेवढ्यात उठून बाहेर जात.

एकदा त्याने त्यांचा हात धरला. "दाजी, बसा. पाय माझा, विनोदही माझा. आता हसा की!"

त्यांनी हसण्यासाठी तोंड उघडले. जो आवाज बाहेर पडला, तो ऐकून पत्नी स्वयंपाकघरातून धावत आली.