यानाबाहेरचा कीमन

माझ्या लेकीने मध्यंतरी मोबाइलवर काहीतरी शोधून काढलं. शाळेत पोरांना दरडावणारी मी, पन्नाशी ओलांडलेली बाई, पण चांगलीच घाबरले. लहानपणी आम्ही बघायचो ती अंतराळयानाची मालिका तिला सापडली होती, पहिल्यापासून शेवटपर्यंत. "आजोबांना दाखवूया," ती म्हणाली. मी म्हटलं, "काही नको. डोळे दुखतील त्यांचे." डोळ्यांचं आपलं निमित्त. खरं कारण सांगायची हिंमत नव्हती.

आबा म्हणजे माझे वडील. रेल्वेत कीमन होते. खांद्यावर हातोडी आणि पाना घेऊन रोज आपल्या हद्दीतला रूळ पायी तुडवायचा, रुळाला धरून ठेवणारी एकेक चावी ठोकून बघायची, ढिली असेल ती घट्ट करायची, हे कीमनचं काम. काम एकट्याचं. घाटात धुकं उतरलं की दहा पावलांवरचं दिसत नाही, तरी जायचंच. रूळ दुरुस्त करणाऱ्या त्यांच्या गँगची मात्र एक रीत होती. कीमन परत आल्याशिवाय मुकादम गँग सोडायचा नाही, म्हणजे कुणाला घरी जाऊ द्यायचा नाही. काम संपलं तरी सगळे हत्यारं गोळा करून रुळाकडेला बसून राहायचे.

मालिका रविवारी सकाळी लागायची आणि आबांची सुट्टी मंगळवारी. म्हणून रविवारी संध्याकाळी ते पाय धुऊन चहाला बसले की मी त्यांना भाग सांगायचा, हा माझा मान. आमच्या औंढे गावात, आमच्या आळीत टीव्ही एकच, शेजारच्या मावशींकडे. आता कबूल करायला हरकत नाही, मालिका भिकार होती. यान पुठ्ठ्याचं, त्यावर बटणं म्हणून बाटल्यांची झाकणं चिकटवलेली. पृथ्वी सोडून नवं घर शोधायला निघालेली माणसं, पण महिनोन्महिने उडून एकाच्याही कपड्यांची इस्त्री मोडायची नाही! तरी मी तिच्यावर जीव टाकायचे.

एका रविवारी आमच्या कोंबडीने मावशींच्या वाळत घातलेल्या कुरडया टिपल्या. "आदी कोंबडी बांदा, मग टीव्ही बगा," म्हणत मावशींनी माझ्या तोंडावर दार लावलं. संध्याकाळी आबांनी बशीत चहा ओतला आणि विचारलं, "काय म्हनतंय यान?" बघितलं नाही म्हणावं, तर कुरडयांचं प्रकरण निघणार. उचलली जीभ लावली टाळ्याला.

"यानाच्या भायेरनं एक मानूस चालतो, आबा. हातोडी घेऊन. एकेक पत्रा ठोकून बगतो."

ओठांपर्यंत गेलेली बशी तिथंच थांबली. "एकलाच?"

"व्हय."

"आन् पायाखाली?"

"काय न्हाई. निस्तं आभाळ."

"जेवाय काय नेतो?"

"भाकरी आन् ठेचा."

"मानूस कामाचा हाय," आबा म्हणाले आणि दुसऱ्या दिवशी ही बातमी सगळ्या गँगला सांगून आले.

झालं! तिथून पुढं दर रविवारी एकच. "यान ऱ्हाऊ दे गं. त्यो कीमन काय करतोय?" मुकादमाने तर निरोप धाडला की वर गारठा असंल, त्याला घोंगडी द्या. मी दिली. हे अंगाशी येणार हे मला कळत होतं, पण थांबवेना. आबा दिवसभर कुणाशी न बोललेले असायचे आणि घरी आल्यावरही त्यांच्या तोंडून दोनावर तिसरा शब्द निघायचा नाही. त्या खोट्या कीमनने माझा बाप मला बोलता करून दिला होता. कसं सोडू?

मग एका शुक्रवारी आबा म्हणाले, "या रविवारी सुट्टी बदलून घेतलीया. मुकादमबी येनार हाय बगायला." मेलेच मी. शनिवारभर डोकं खाजवलं आणि रात्रीच्या जेवणाला सांगून टाकलं, "आबा, कीमन यानाच्या शेपटाकडं गेलाय. लय लांबची हद्द हाय. उंद्या दिसायचा न्हाई." रविवारी दोघं अंघोळी करून, धुतलेले सदरे घालून मावशींच्या ओट्याशी हजर. मुकादम सारखा वाकून पडद्याच्या कडेला बघत होता. "लांब गेलाय त्यो," आबांनी त्याला समजावलं.

मी इतकी घाबरले की त्यानंतर कीमनचं नाव काढलं नाही. काही आठवड्यांनी मालिका संपली. यान हिरव्या ग्रहावर उतरलं, माणसं हसत खाली आली, मागे दार लागलं. संध्याकाळी आबांनी विचारलं, "आन् त्यो?" मी म्हटलं, "दावला न्हाई," आणि बाहेर पळाले. पुन्हा त्यांनी विचारलं नाही, मी सांगितलं नाही. पुढं शाळा, नोकरी, लग्न. आबांना फसवलं ही टोचणी तेवढी राहिली.

लेक कुठली ऐकते! दर रविवारी आम्ही लोणावळ्याहून औंढ्याला जायचो. ती तांब्याला मोबाइल टेकवून भाग लावायची आणि आबा गुडघ्यावर हात ठेवून बघायचे. चोराच्या मनात चांदणं. मी प्रत्येक भागाला आता विचारतील, मग विचारतील, म्हणून बसलेली. कुरडयांच्या पायी चुकलेला भागही लागला. त्यात यानाचा कप्तान अख्खा वेळ खुर्चीत बसून भाषण देत होता. ह्यासाठी मी एवढी वर्षं जळत होते!

शेवटच्या भागात दार लागलं. मला राहवेना. लेकीला चहा टाकायला आत पिटाळलं आणि म्हटलं, "आबा, तो कीमन यात नव्हताच. मी रचला होता. तुम्हाला फसवलं मी." एवढी घोडी झाले तरी रडूच आलं.

"ते कळलं मला, मागंच," आबा म्हणाले. "तुजा तर तुजा. पर तू त्याला भायेर धाडलंस आन् गेलीस निगून. मुकादम मरस्तवर इचारत व्हता, आला का रं त्यो? काय सांगू मी? दार बी लावलं ह्यांनी." त्यांनी मोबाइलच्या काळ्या काचेवर बोट ठेवलं. "त्यो अजून तितंच हाय, बाय."

मी इतकी वर्षं माझं खोटं तेवढं जपत बसले होते. त्या माणसाची काळजी आबांनीच केली होती. मी डोळे पुसले आणि सांगायला लागले.

"यान उतरायच्या आदल्या दिशी त्यो माघारी फिरला, आबा. समदे पत्रे ठोकून झालं व्हतं."

"हातोडी?"

"खांद्यावर."

"घोंगडी?"

"पांगरलेली."

"दार कुनी उगडलं?"

"मुकादमानं."

"आन् गँग? गेली व्हती का घरला?"

"न्हाई, आबा. समदी बसून व्हती. त्याच्यासाटीच."

आबांनी चष्मा काढून माझ्या हातात दिला. "मग सोडा आता गँग," ते म्हणाले.