संगीची वाटी

शेजारच्या शमीमआपा कधी दारात उभ्या राहून बोलत नाहीत. थेट आत येतात, माझ्या शिलाई मशीनशेजारच्या स्टुलावर बसतात आणि मग विषय काढतात. त्या सकाळी मात्र त्या उंबऱ्याबाहेरच थांबल्या. "उषा, अकोल्याहून फोन आला... आपली संगीता नाही राहिली," एवढंच म्हणाल्या. मी एका ब्लाउजला हुक लावत होते. सांगायला लाज वाटते, पण तो हुक मी पूर्ण लावला, दोरा तोडला आणि मगच उठले. उठले ती स्वयंपाकघरात गेले. फळीवर संगीची वाटी उपडी घातलेली होती. सोळा दिवसांपासून माझ्याकडेच होती ती. दोन दिवसांपूर्वी कारखान्यात काम करता करता संगी डोकं धरून खाली बसली, तिला आधी वाशीमला आणि तिथून अकोल्याला नेलं, तेव्हाही वाटी तिथेच होती. बरी होऊन येईल तेव्हा देऊ, असं मी म्हणत होते. चौतीस वर्षांच्या बाईबद्दल माणूस दुसरं काय म्हणणार...

त्याला आता दीड महिना झाला. या दिवसांत आमच्या वाशीमकडच्या मालेगावात तिच्याबद्दल पुष्कळ बोललं गेलं. तरुण उद्योजिका, जिद्दी कन्या, तालुक्याचं भूषण. सगळं खरं आहे, माझी काही हरकत नाही. पण ही बोलणारी मंडळी तिच्या घरी कधी बसली होती का, हे मला कुणीतरी विचारायला हवं होतं. मी समोर राहते. कोण येत होतं आणि कोण नव्हतं, हे मला माहीत आहे, आणि न येणाऱ्यांत मीही होते.

लहानपणी आमच्या गावी, किन्हीराजाला, आमची आणि त्यांची घरं भिंतीला भिंत लागून. संगीच्या बारशाला तिच्या मामाने एक छोटी स्टीलची वाटी दिली होती, काठावर 'चि. संगीता' असं नाव घातलेली. काकूंनी, म्हणजे तिच्या आईने, पातोडीची भाजी केली की ती त्या वाटीतून आमच्याकडे यायची आणि आणून द्यायला अर्थातच संगी. आमच्याकडे भांडं रिकामं परत देत नाहीत. काहीच नसेल तर चिमूटभर साखर घालायची, पण रिकामं नाही. एकदा आमच्या घरात साखरही नव्हती. आईने डबे हलवून पाहिले, मग अंगणातल्या झाडाच्या चार हिरव्या मिरच्या तोडल्या आणि वाटीत ठेवल्या. मी शरमेने मेले होते. पण भिंतीपलीकडून काकूंचा आवाज आला, "बरं झालं व बाई, मिरच्याच संपल्या होत्या माह्या." संपलेल्या नव्हत्या. संगीने दुसऱ्या दिवशी शाळेत जाताना मला सांगितलंच, टोपलीभर होत्या म्हणून. आम्ही दोघी खूप हसलो होतो.

वाशीमला डिप्लोमा करून ती पुण्याच्या एका कंपनीत लागली. यंत्रांचे सुटे भाग मापात आहेत की नाही, हे तपासायचं काम. केसाएवढा फरक असला तरी तिच्या हातून सुटायचा नाही. सातेक वर्षांत ती कुठल्या कुठे गेली. हाताखाली माणसं आली, स्वतःचा फ्लॅट झाला, आणि इकडे मी दोन पोरांची आई होऊन मालेगावात फॉल-पिको करत होते. जळफळाट झाला का? झाला. उगाच कशाला खोटं बोलू. पण फोन तिचाच यायचा, आणि बढतीबद्दल ती दोन वाक्यं बोलायची, बाकी सगळं इकडचंच विचारायची. एकदा म्हणाली, "शेजारणीले भरीत देलं होतं आपल्या वाटीत. आज तिनं वाटी परत केली. अशी लख्ख घासून देली, उषे, का आत मले माह्यंच तोंड दिसलं." मी म्हटलं, बरं झालं, तुझे घासायचे कष्ट वाचले. ती हसली नाही.

वडील गेल्यावर आईसाठी ती पुणं सोडून मालेगावात आली. वाशीम रोडला तिने धान्य साफ करायच्या चाळण्या बनवण्याचा कारखाना टाकला. लोक म्हणाले, पोरीची जात, लोखंडात काय समजणार. तीन वर्षांत सोयाबीन आणि हरभऱ्याच्या हंगामात तिच्या दारात गाड्या उभ्या राहायला लागल्या आणि तेच लोक आपल्या पोरींना म्हणू लागले, व्हाल तर संगीसारख्या व्हा. माझ्या घरासमोर तिने दुमजली घर बांधलं. गल्लीत एवढ्या जागा असताना समोरच काहून, असं मी विचारलं, तर म्हणाली, "भिंतीले भिंत नाही भेटली, म्हनून." शाळेने एकदा तिला यशाचा मंत्र सांगायला बोलावलं. ही उभी राहिली, म्हणाली, "माप नीट घेत जा. आणि एकटं जेवत जाऊ नका." आणि खाली बसली. पोरं खदाखदा हसली, मीसुद्धा.

एवढी मापात पक्की बाई, आणि चुकली ती मापातच. ती समोर राहायला आल्यावर पहिल्याच आठवड्यात मी तिच्याकडे वाटीभर ठेचा पाठवला. वाटी परत आली ती काजू-बदामांनी शिगोशीग भरून. शमीमआपांनी ईदला शीरखुर्मा पाठवला, तर त्यांच्या वाडग्यासोबत सहा वाडग्यांचा नवा कोरा सेट. दिवाळीत कुणाच्या चार करंज्या गेल्या, तर त्या ताटलीवर साडी. आनंद होता तिला, दुसरं काही नाही. हातात होतं, म्हणून देत होती. पण गल्लीत बायका एकमेकींकडे पाहायला लागल्या. साडीच्या बदल्यात काय पाठवायचं? पुन्हा करंज्या? शमीमआपा म्हणाल्या, "मोहब्बत है, पर हमारा हाथ तंग है." हळूहळू तिच्या दाराकडे जाणाऱ्या वाट्या थांबल्या. कुणी ठरवून थांबवल्या नाहीत. मी मात्र ठरवून थांबवली. माझा ठेचा तिच्या काजूंपुढे मला गरीब दिसायला लागला होता आणि मला ते सहन होत नव्हतं.

मागच्या उन्हाळ्यात एका दुपारी ती माझ्याकडे आली. कारखान्याचे कपडे, हाताला ग्रीस. स्टुलावर बसली आणि सरळ म्हणाली, "उषे, माह्याकडं वाटी काहून येत नाही आता?"

"कामाच्या रगाड्यात ध्यानातच राह्यत नाही व."

"खोटं नको बोलू."

माझी जीभ कात्रीहून वाईट, असं आमचे हे म्हणतात. मी बोलून गेले, "तुह्या घरी काय कमी आहे व? काजू खानाऱ्याले ठेचा कायले पाह्यजे?"

तिने माझ्या मशीनचं चाक बोटाने अर्धं फिरवलं. "मले वाटे, आता आपल्यापाशी आहे तं द्यावं. लहानपनी तुह्या मायनं घरात नसतानी देलं." मग म्हणाली, "आता मी कमी देलं तं लोक म्हनतीन, पैसा आला तशी कंजूस झाली. जास्त देतो तं कोनी येत नाही. तूच सांग, किती देऊ?" मी चहा टाकते म्हणाले, तर ती उठली. "राहू दे. माय वाट पाहून राह्यली," म्हणाली आणि गेली. त्यानंतर महिनोन्महिने आम्ही गेटवरूनच बोललो, पाणी आलं का, लाइट गेली का, एवढंच.

आणि मग, जाण्याच्या अठरा-एकोणीस नाही, बरोबर सोळा दिवस आधी, मी मोजले आहेत... ती स्वतः गल्ली ओलांडून आली. हातात तीच बारशाची वाटी, त्यात वांग्याचं भरीत. "मीच केलं. जराक जळालं. मीठही कमी आहे, पन तसंच आनलं," म्हणाली. जाताना दारात थांबली. "वाटी आरामानं देजो. पन काही घालून देजो उषे... जरासंच."

भरीत खरंच जळकं होतं. मी ते सगळं खाल्लं, पोरांनाही दिलं नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी वाटीत चिमूटभर साखर घालून रस्ता ओलांडायचा तर वीस पावलं होती. पण मला वाटलं, इतक्या दिवसांनी जाते आहे तर साखर काय न्यायची. पुरण घालू. मग लग्नसराईचे ब्लाउज आले. मग डाळ भिजवायची राहिली. ती चुकली म्हणून तिला मी बोलले होते ना, आता मीच तिची चूक करत बसले होते, आणि ते मला कळलंही नाही.

ती गेल्यावर पहिले काही दिवस काकूंच्या घरी चूल पेटली नाही. तेव्हा गल्लीतल्या प्रत्येक घरातून डबे, पातेली, वाट्या गेल्या. कुणाचं पिठलं, कुणाच्या भाकरी, शमीमआपांची खिचडी. ओट्यावर जागा उरली नाही. आपला हात तोकडा आहे, असं तेव्हा कुणालाच वाटलं नाही. मी ती भांडी लावत होते आणि मला इतका राग येत होता. स्वतःचा, सगळ्यांचा, तिचासुद्धा. कोपऱ्यात जाऊन मी तोंडात पदर कोंबून रडले.

गेल्या आठवड्यात धीर केला. पुरण घातलं नाही. कुंडीतल्या चार हिरव्या मिरच्या तोडल्या, वाटीत ठेवल्या आणि गेले. त्या दुमजली घरात काकू आता एकट्याच असतात. खालच्या खोलीत टीव्ही लावून ठेवतात, पाहत नाहीत. त्यांनी वाटी हातात घेतली, काठावरच्या नावावरून बोट फिरवलं. मिरच्या संपल्या होत्या, असं काही म्हणाल्या नाहीत. मी त्याची वाट पाहत होते, हे त्यांना कळलं असेल का, कोण जाणे. मिरच्या ताटात काढल्या आणि वाटी माझ्या हातात दिली. "ठेव तुह्यापाशी. मी आता कोनाच्या हातानं पाठवू?" मी निघाले, तर मागून म्हणाल्या, "थांब व. रिकामी नेत असतेत काय." आणि डब्यातून चिमूटभर साखर काढून त्यांनी वाटीत टाकली.

वाटी फळीवर आहे. ती साखर मला खाववत नाही आणि टाकवतही नाही. मुंग्या लागू नयेत म्हणून मी वाटीखाली पाण्याची ताटली ठेवली आहे. रोज सकाळी पाणी बदलते.