भिकाबाईचा फारो

हट्ट्याजवळच्या तांड्यावर गोष्ट सांगावी ती भिकाबाईनंच. बाईला अक्षराची ओळख नाही, पण बायबलमधली, मिसर देशात गुलाम झालेल्या लोकांची गोष्ट ती अशी सांगते, जशी कालच तिथून सुटून आली. एका परीनं आलीच आहे म्हणा. वीस वर्षं तिनं परमुलखात ऊस तोडला. विहिरीला पाणी लागलं, दोन एकरांत हळद उभी राहिली, तेव्हा कुठं हातातला कोयता सुटला. देवानंच सोडवलं, असं ती मानते.

तांड्यावरच्या पत्र्याच्या प्रार्थनाघरात दर रविवारी वीस-पंचवीस माणसं जमतात. वसमतहून पाळक प्रेमानंद येतात. त्यांच्या उपदेशाआधी भिकाबाईची गोष्ट, हा तिथला रिवाजच. तिच्या गोष्टीतला राजा फारो डोक्याला रुमाल बांधतो आणि नाकातून बोलतो, थेट तिच्या जुन्या मुकादमासारखा. तिची आई तांड्यावर शेवटच्या घटका मोजत होती, तेव्हा तिनं त्या मुकादमाकडं दोन दिवसांची सुट्टी मागितली होती. तो म्हणाला, "काम थांबत न्हाई, बाई." ती पोचली तेव्हा आईला माती देऊन तीन दिवस झाले होते. ते वाक्य तिनं उचललं आणि फारोच्या तोंडी घातलं. त्या गुलामांचा पुढारी मोशे म्हणतो, माझ्या लोकांना जाऊ दे. फारो म्हणतो, "काम थांबत न्हाई!" इथं सगळं प्रार्थनाघर तिच्याबरोबर एका सुरात ओरडतं आणि हसतं.

गुलाम सुटले, त्यांनी समुद्र ओलांडला की तिची गोष्ट संपते. पुढं डोंगरापाशी देवानं त्या लोकांशी करार केला, आज्ञा दिल्या, तो भाग ती पाळकांच्या वाटणीला सोडते. "त्याच्यात काय मजा न्हाई," असं ती तोंडावर सांगते.

आता चार दिवस सासूचे, चार दिवस सुनेचे. भिकाबाईचेही दिवस आले, आणि रविवार देवाच्या विसाव्याचा म्हणून त्या दिवशी आपण विळ्याला हात लावत नाही, याचा तिला भारी तोरा.

यंदा हळद शिजवायच्या कुकरचा नंबर नेमका रविवारी आला. हा कुकर ट्रॅक्टरवर गावोगाव फिरतो. पाळी चुकली की आठ दिवस वाट पाहायची, आणि आभाळ तर भरून आलेलं. तिनं हट्ट्याच्या पाच बाया कामाला सांगितल्या. दिवस उगवताच त्यांच्यातली निलम पुढं आली.

"मावशी, आज सुट्टी पाहिजे व्हती. माय वसमतला दवाखान्यात हाये. काल डोळ्याचं ऑपरेशन झालं. आज बारा वाजता पट्टी काढून राहिले."

"मग काढतील की. डॉक्टर हायेत तिथं."

"माय म्हणती, पट्टी निघाली की पयलं तुलाच पाहायचंय. दोन वर्षं झाली, तिला माझं तोंड दिसलं न्हाई."

भिकाबाईनं आभाळाकडं पाहिलं, कंदांच्या ढिगाकडं पाहिलं. "उद्या जा. माय काय पळून चालली? काम थांबत न्हाई, बाई."

निलमनं पदर खोचला आणि टोपली उचलली. भिकाबाई घरी गेली, धुतलेलं लुगडं नेसली आणि प्रार्थनेला गेली. निलमशी तसं बोलताना तिला काहीच वाटलं नाही, हे सांगायलाच हवं. फारोला तरी कुठं वाटलं असेल!

गोष्ट रंगली. मोशे दरबारात गेला, त्यानं मागणं घातलं, आणि सगळे एका सुरात ओरडले, "काम थांबत न्हाई!"

हसली नाही ती एकटी भिकाबाई. तिचं तोंड उघडं ते उघडंच राहिलं. तिनं लोकांना कसंबसं समुद्रापार नेलं आणि ती मट्‌कन खाली बसली.

तो प्रभुभोजनाचा रविवार होता. येशूच्या शेवटच्या जेवणाची आठवण म्हणून सगळ्यांनी वाटून घ्यायची भाकर आणि द्राक्षरसाचा प्याला टेबलावर मांडलेला. पाळक सांगू लागले, "देवानं आधी सोडवलं, करार मग केला. आज्ञा पाळा, मग सोडवतो, असं तो म्हणाला नाही. पण सुटलेल्यानं कसं वागावं, हे मात्र सांगितलं. विसाव्याच्या दिवशी तुझ्या चाकरालाही तुझ्यासारखाच विसावा दे, कारण तूही चाकर होतास. त्याच सुटकेच्या आठवणीच्या सणाला येशूनं प्याला उचलला आणि म्हणाला, हा नवा करार."

हे तिनं दरवर्षी ऐकलं होतं. पण ते पाळकांच्या वाटणीचं म्हणून कानाआड केलं होतं. आज प्याला रांगेतून तिच्याकडं सरकू लागला तशी ती उठली.

"पाळकसाहेब, माझा प्याला ठेवा. आलेच मी."

रान जवळच होतं. पोचली तेव्हा तिला दम लागला होता. "जगन, कुकर बंद कर."

"याडी, येड लागलं का तुला?" मुलगा आईवर ओरडला. "निम्मा ढीग पडलाय. पाळी गेली तर गेली मग!"

"जाऊ दे. गाडी काढ, निलमला वसमतला सोड." मग बाकीच्या बायांकडं वळून ती म्हणाली, "तुमी बी घरी जा. हजरी पुरी लागन."

निलम हलली नाही. तिचे हात कोपरापर्यंत पिवळे झाले होते. "सकाळी काहून न्हाई म्हणल्या, मावशी?"

"चुकलं माझं," भिकाबाई म्हणाली. तिचे डोळे भरून आले. "जा, लेकरा. मला माझी माय पाहायला भेटली न्हाई."

निलम हात धुवायलाही थांबली नाही. गाडी दिसेनाशी झाल्यावर भिकाबाई प्रार्थनाघरात परतली. लोक पांगले होते. पाळक एकटेच प्याला झाकून बसले होते. तिनं तो दोन्ही हातांनी घेतला आणि पोटभर रडून घेतलं.

बुधवारी अवकाळी आला. उरलेला ढीग भिजला, बराच सडला. जगन दोन दिवस आईशी बोलला नाही, आणि त्याला दोष तरी कसा द्यावा?

पुढच्या रविवारी निलम प्रार्थनाघराच्या दाराशी येऊन बसली. पट्टी निघाल्यावर मायनं सगळ्यात आधी लेकीचे पिवळे हातच पाहिले, असं ती बायांना सांगत होती. मग गोष्ट सुरू झाली. फारो आला तसे सगळे ओरडायला सरसावले. पण भिकाबाईनं या वेळी नाकातला आवाज काढलाच नाही. फारोचं वाक्य ती स्वतःच्या, रोजच्या आवाजात बोलली. कुणीच हसलं नाही.

समुद्र ओलांडला, माणसं सावरून बसली, पाळकही उठायला लागले. भिकाबाईनं त्यांना हातानंच थांबवलं.

"बसा जरा," ती म्हणाली. "माझी गोष्ट अजून संपली न्हाई."