दुसरा ब्रेक

आमच्याकडे नवा खोंड कामाला घालायचा तर त्याला जाणत्या बैलाशेजारी जुंपतात. खोंड उधळला, बावरला, तरी जाणता आपला जागेवर असतो. मुलुंडच्या वनमाला सरवदे यांनी उभं आयुष्य हेच जाणत्याचं काम केलं. खांद्यावर जू नव्हतं एवढंच. त्यांच्या वाट्याला मारुती आठशे आली होती.

ड्रायव्हिंग स्कूलमध्ये त्या बायकांना गाडी शिकवायच्या. शिकणारी उजवीकडे, स्टिअरिंगला घट्ट धरून, ओठ आवळून. वनमालाबाई डावीकडे. शिकवायच्या गाडीत असतो तसा क्लच आणि ब्रेकचा दुसरा जोड त्यांच्या पायाशी होता. किती जणी त्या गाडीत घाबरल्या, रडल्या, आणि शेवटी हसत उतरल्या. उतरल्या त्या आपापल्या गाड्यांतून निघून गेल्या. बाई मात्र डावीकडेच राहिल्या. स्वतःची गाडी त्यांना कधी घेता आली नाही.

मग बाई निवृत्त झाल्या, आणि त्याच सुमारास मालकानं ती जुनी मारुतीही भंगारात काढली. बाई म्हणाल्या, "भंगारवाला देईल तेच मी देते. ती माझ्याकडे येऊ दे."

गाडी म्हाडाच्या वसाहतीत, त्यांच्या तळमजल्यावरच्या खिडकीखाली आली. खालचा पत्रा इतका गंजलेला, की पायाशी जमीन दिसायची. नवरा धोंडिराम शिंपी. तो दारात उभा राहून म्हणाला, "अगं, हिच्यात आपण बसायचं, का हिला उचलून फिरवायचं?"

"आधी सीट शिवून द्या. मग बोला."

त्यानं शिवून दिली. चॉकलेटी रेक्झिन, कडेला पांढरा गोट, परकराला लावतात तसा. बाईंनी कार्बोरेटर उघडून रॉकेलनं धुतला. गॅरेजवाल्याकडून खालचा पत्रा डागून घेतला. दारांवरच्या खड्ड्यांत पुट्टी भरली आणि पॉलिश पेपरनं इतकं घासलं, की बोटांचे ठसे पुसट झाले. टपावरची स्कूलची पाटी उतरली. रंगाचा शेवटचा हात बसला त्या सकाळी गाडी नुकत्याच न्हाऊन आलेल्या पोरीसारखी उभी होती.

शिकवणीच्या धंद्यात तिचे दिवस सरले होते. पण घरची गाडी म्हणून आरटीओच्या तपासणीत पास झाली, तर तिला अजून पाच वर्षं मिळणार होती. नापास झाली तर मुक्काम भंगारात. त्यात वसाहतीच्या सेक्रेटरी उत्तराताई दाबके रोज खिडकीशी यायच्या. याच गाडीवर शिकलेल्या त्या, पण पदावर बसल्या होत्या ना.

"वनमालाताई, महिनाअखेर आवारात लाद्या बसणार. तोवर गाडी स्वतःच्या चाकांवर बाहेर गेली पाहिजे. नाहीतर मी क्रेन बोलावणार हं!"

"बोलाव की. म्हणावं, हॉर्न वाजवून ये. मी बाजू देईन."

तोंडानं असं म्हणाल्या, पण त्या रात्री जेवण गेलं नाही.

तपासणीच्या आदल्या दिवशी बाईंनी एकच काम केलं. डावीकडचे क्लच-ब्रेक घासले, तेल दिलं, आरशासारखे लख्ख केले. इतकी वर्षं स्कूलची गाडी तपासणीला नेली, की तपासणारा साहेब सगळ्यात आधी तेच दाबून बघायचा. ते ठीक, तर गाडी ठीक. त्यामुळे कुणाला काही विचारायची गरज त्यांना वाटली नाही.

आरटीओच्या मैदानावर साहेबानं दिवे बघितले, हॉर्न वाजवला, धूर बघितला. मग डावं दार उघडून तो वाकला आणि तसाच थांबला.

"बाई, हे काय?"

"दुसरा ब्रेक, साहेब. एकदम झकास चालतो. दाबून बघा."

"अहो, पण तुम्ही घरची गाडी म्हणून अर्ज केलाय. घरच्या गाडीला चालवणारा एक. हे काढावं लागेल."

"दोन ब्रेक म्हणजे दुप्पट भरवसा ना? परवापर्यंत तुम्हीच म्हणायचा, हे नसेल तर नापास!"

"स्कूलच्या गाडीला नसेल तर नापास. घरच्या गाडीला असेल तर नापास."

"गाडी तीच, साहेब. रस्ता तोच."

"नियम वेगळा," साहेब म्हणाला. आवाज मऊ होता, पण शेरा नापासाचाच पडला.

घरी आल्यावर बाई गाडीतून उतरल्याच नाहीत. डाव्या सीटवर बसून राहिल्या. धोंडिराम पाना घेऊन आला. "काढून टाक की. चार तर नट आहेत."

"तुमच्या मशीनचं पायडल काढू का?"

"काढ. मग हातानं शिवीन. पण क्रेन आली तर मी काय शिवू?"

बाई हसल्या नाहीत. मुंबईच्या रस्त्यांचं त्यांना कधी भय वाटलं नव्हतं, ते या ब्रेकवर पाय होता म्हणून, असं त्यांना वाटायचं. उजवीकडे बसून त्या चालवायच्या ते गाडी मैदानावर नेण्यापुरतं. ब्रेक काढला तर आपल्यात काय उरतं, हे त्यांना बघायचंच नव्हतं.

शेवटी पाना त्यांनीच हातात घेतला. नट सैल झाले, जोड निघाला. रोज पायाखाली असलेली वस्तू पहिल्यांदा हातात आली. क्लचचं रबर झिजून गुळगुळीत झालं होतं. ब्रेकच्या रबरावरच्या रेघा मात्र जवळजवळ शाबूत. बसवली दोन्ही एकाच दिवशी होती. बाई बघतच राहिल्या.

"अहो, हे बघा. बायका क्लचला चुकत होत्या, तेवढं मी सांभाळलं. थांबत होत्या त्या स्वतःच! माझा पाय नुसता वर ठेवलेला."

"म्हणजे फुकट पगार खाल्लास," धोंडिराम म्हणाला, आणि मग मात्र दोघंही हसली.

भोकांवर पत्रा डागला, वर मॅट पसरली. पुढच्या खेपेला साहेबानं मॅट उचलून बघितली आणि तो डावीकडे बसला. "चला, फेरी मारा."

बाई उजवीकडे बसल्या. मैदानाच्या वळणावर एक स्कूटर तिरकी घुसली. साहेबाचा बूट मॅटवर धाडकन आदळला. गाडी त्याआधीच थांबली होती.

"तुम्हीपण, साहेब?" बाई म्हणाल्या.

साहेब ओशाळून हसला. "सवय हो. पास तुमची गाडी."

घरच्या गाडीची पांढरी नंबरप्लेट लागली त्या संध्याकाळी लाद्यांचा ट्रक फाटकाशी उभा होता. उत्तराताई धावत आल्या. गाडीभोवती फिरल्या, सीटच्या पांढऱ्या गोटावरून हात फिरवला. "ताई, एक चक्कर मला द्या ना. लायसन आहे माझ्याकडे, तुमच्याच कृपेचं."

"देईन ना. उद्या ये." वनमालाबाईंनी चावी फिरवली. "आज मी चालवणार आहे."

धोंडिरामनं डावीकडे बसून पाय सीटवर ओढून घेतले, मांडी घातली, आणि मारुती फाटकातून बाहेर पडून ऐरोलीच्या पुलाकडे वळली.