लाल रंगातल्या चुका

जुन्या संगणकातून तापलेल्या धुळीचा वास आला, की मला जोगेश्वरीतला लग्नपत्रिकांचा छापखाना आठवतो. पन्नाशीनंतर मी तिथे मुद्रितशोधक म्हणून लागलो होतो आणि अक्षरजुळणी करणारी मुलगी जेवणाच्या सुट्टीत मला संगणक शिकवीत असे. तिचे यंत्र फार मंद चाले. म्हणून एकदा ती डबा धुवायला गेली असताना, तेवढीच उपकाराची फेड, या विचाराने मी त्यावर रजिस्ट्री, म्हणजे संगणकाने प्रोग्रामांविषयी आत ठेवलेल्या नोंदी, साफ करणारा एक फुकट प्रोग्राम चालवला. त्याने लाल रंगात चुकांची लांबलचक यादी दाखवली, आणि चुका दिसल्यावर मुद्रितशोधकाचा हात आवरत नाही. ‘आधी बॅकअप घ्यायचा का?’ या प्रश्नाला नकार देऊन मी सगळ्या पुसल्या. यंत्र खरोखरच झटपट सुरू झाले, परंतु मराठी टंकनाचा प्रोग्राम काही केल्या उघडेना, आणि संध्याकाळी द्यायच्या पत्रिका आतच अडकल्या. मालक तिच्यावर ओरडले, “काय गं, वाट लावलीस ना?” “शेठ, मी हातपण नाही लावला हो!” “मग काय काकांनी केलं? त्यांना माऊस तरी धरता येतो का?” सगळे हसले, मीही हसलो. तिला त्याच दिवशी काढून टाकले. जाताना ती मला म्हणाली, “काका, सराव सोडू नका हं.” मी तो सोडला नाही; आता मला माऊस उत्तम धरता येतो.