लग्नपत्रिकांवरची स्पर्शिका

आमच्या घरात गोष्टी सांगायचं काम माझ्याकडे आहे, कारण बाकीच्यांना कामं असतात. ही गोष्ट गणिताची. ऐकणारे सहसा इथेच उठतात.

ऐंशीच्या दशकात मी अहेरीच्या एका ज्युनिअर कॉलेजात गणित शिकवत होतो. वसतिगृहात राहणारी एक मुलगी होती, आलापल्लीपलीकडच्या जंगलगावातली. डेरिव्हेटिव्ह, म्हणजे वक्राचा एका बिंदूपाशी असलेला उतार, सुरू झालं आणि ती चाचणीत साफ बुडाली. बाजाराच्या दिवशी वडील येऊन तिला आर्ट्सला घालणार होते. तिला ते नको होतं. मलाही नको होतं. वर्गात प्रश्न विचारणारी ती एकटीच. बाकीचे माझ्यावर विश्वास ठेवून गप्प बसत.

अडचण अशी की फळ्यावरची रेघ हलत नाही. वक्रावर दोन बिंदू, त्यांतून जाणारी रेघ. दुसरा बिंदू पहिल्याकडे सरकतो तशी रेघ वळत वळत स्पर्शिका होते, म्हणजे वक्राला त्या एका बिंदूपाशी नुसती टेकते. हे मी हातवारे करून दाखवायचो, तर पोरांना वाटे सर माश्या हाकलतात.

मग घरातल्या जुन्या लग्नपत्रिका काढल्या. कागद जाड, पाठ कोरी. प्रत्येकीवर रेघ थोडी थोडी वळवत काढली आणि गठ्ठा शिवला. अंगठ्याने फरफर सोडला की रेघ फिरे.

बायको म्हणाली, "अवो, गणिताचं लगन लावून राह्यले का?"

वर्गात पोरं खूश झाली, पण रेघेवर नाही. पत्रिकांच्या कोपऱ्यांना हळद लागलेली. सगळे पिवळा डाग नाचताना पाहत होते. घरी येऊन कोपरे कापले.

बाजाराच्या दिवशी वडील आले. त्यांना व्हरांड्यात बसवून मी गठ्ठा मुलीच्या हाती दिला. तिने तो सोडला, पुन्हा सोडला. शेवटच्या पत्रिकेवर मी दोन्ही बिंदू एक करून लाल शाईने स्पर्शिका काढली होती. माझ्या मते तीच खरी कलाकृती.

"सर, इथी दुसरा बिंदू कुठी गेला?"

"पहिल्यात मिळाला."

"मंग एकाच बिंदूतून हेच रेघ काऊन? एकातून तं कितीबी जातात."

पुस्तकातलं उत्तर मला पाठ होतं. तिलाही पाठ होतं.

वडील म्हणाले, "मास्तरलेच सांगता येत नाई, तं तुले काय येईन?"

मी ती लाल पत्रिका फाडून काढली. "आता सोड."

रेघ वळत आली आणि अलीकडेच थांबली.

"पत्रिका अशाच वाढवत गेलो, तर रेघ कुठे जाईल?" मी विचारलं.

तिने रेघेवर पेन्सिल ठेवली, किंचित वळवली आणि थांबवली. बरोबर लाल रेघ होती तिथेच.

"बिंदू पोचत नाई," ती सावकाश म्हणाली, "पण रेघ कुठी चालली ते दिसते."

"तेच लिमिट," मी म्हणालो.

वडिलांनी गठ्ठा उलटा करून छापलेली बाजू वाचली. "हे लगन कोणाचं?"

"माझ्या मेव्हण्याचं."

"हं." मग मुलीकडे वळून, "आर्ट्समधी असं राह्यते का?"

"नाई, बाबा."

"मंग राह्य इथीच. मले बाजार कराचा आहे."

ते आर्ट्सचा अर्ज द्यायला ऑफिसकडे न वळता फाटकाबाहेर गेले. ती वर्गात शिरली. तिचा पुढचा प्रश्न काय असेल याचा विचार करत मी मात्र स्टाफरूममध्ये जरा जास्तच वेळ बसलो.