एकोणसाठ तारांचं फूल

सोलापुरात पंचवीस वर्षं मी गणित शिकवते आहे आणि फळ्यावर आपलं कधी चुकत नाही, असा माझा तोरा होता. त्या दिवशी नववीच्या मुलींना मूळ संख्या शिकवत होते. म्हणजे एक आणि ती स्वतः सोडून जिला कुणीच पूर्ण भागत नाही अशी. मग एक गंमत दाखवली. दोनापासून मूळ संख्या ओळीने गुणत जायच्या आणि गुणाकारात एक मिळवायचा. दोन गुणिले तीन अधिक एक, सात. मग एकतीस, दोनशे अकरा, दोन हजार तीनशे अकरा. दरवेळी मूळ संख्याच हाती येते. पुढची, तेरापर्यंत गुणून, तीस हजार एकतीस. "हीसुद्धा मूळच," मी ठोकून दिलं. मुलींनी तिचा रंगीत तक्ता करून भिंतीवर लावला.

घरी नायनांना, म्हणजे वडिलांना, हे सांगितलं. आमच्या घरात तेलुगू, पण आकड्यांचं बोलणं ते कारखान्यातल्या मराठीतच करतात. चाळीस वर्षं त्यांनी चादरी विणल्या. नवी नक्षी बसवायची तर आधी ताण्यातले, म्हणजे मागावरचे उभे, तार एका फुलाच्या तारांनी भागायचे आणि उरतील ते किनारीत घालायचे, ही त्यांची रीत.

"म्हंजे एवढे तार घातले तर कुटलंच फूल पुरं बसनार न्हाय?"

"नाही."

"बगतो की."

जुन्या कॅलेंडरच्या पाठकोऱ्या पानांवर ते भागाकार करत बसले. दोन, तीन, चार. मला हसू आलं. "दोनाने जात नाही ती चाराने कशी जाईल, नायना?"

"बसवून बगितल्याबिगर मी कुनाचं ऐकत न्हाय."

तिसऱ्या दिवशी त्यांनी एक कागद माझ्या ताटाशेजारी ठेवला. "एकुनसाठ तारांचं फूल. पाचशे नऊ येळा. उरत काय न्हाय."

मी मोबाइलवर गुणून पाहिलं. तीस हजार एकतीस. पुन्हा गुणलं, तेच. तेरापर्यंतच्या मूळ संख्यांनी भागलं तर एक उरतो, एवढंच त्या युक्तीने ठरतं. तेराच्या पुढे कोण बसलंय ते मी पाहिलंच नव्हतं. खरं सांगते, लाज वाटली. आणि त्याहून वाईट म्हणजे, उद्या मधल्या सुट्टीत तक्ता गुपचूप काढून टाकला तर कुणाला कळणार, असंही मनात आलं.

नायनांनी ते ओळखलं असावं. "तार चुकला तर झाकत न्हाईत," ते म्हणाले. "तितपर्यंत उसवायचं. किती का विनलेलं असंना."

दुसऱ्या दिवशी वर्गात सगळं सांगितलं आणि तक्त्यावरच तो कॅलेंडरचा कागद चिकटवला. मुली भागाकाराला बसल्या. एकीने मान वर करून विचारलं, "बाई, तुमी आदी भागून बगितलं नव्हतं?"

"नव्हतं," मी म्हणाले. पंचवीस वर्षांत कुठलंच उत्तर इतकं जड गेलं नव्हतं.

संध्याकाळी नायना पुढच्या संख्येशी झटत असतील म्हणून पाहिलं, तर पाच लाख दहा हजार पाचशे अकराच्या खाली रेघ मारून मोकळे झाले होते. "ही एकोनिसानंच गेली." मग कागदावरून नजर न काढता विचारलं, "पोरींनी सोता भागलं का?"

"सगळ्यांनी."

"मग आता शिकवलंस."